चिंचेनं काही झालं नव्हतं

आई, धाकटीची कातडी तशी का होती, ते मला आता कळलं आहे असं वाटतं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता सांगून कुणाला काय? रोज जालन्याहून औरंगाबादला दवाखान्याच्या प्रयोगशाळेत जाते आणि परत येते तेव्हा बोलायचंही त्राण उरत नाही. तरी आज लिहायला बसले.

मी सातवीत होते. वाटूरच्या घरी तू धाकटीला पायांवर घेऊन न्हाऊ घालते आहेस. तिच्या पोटावर, मांड्यांवर कातडीच्या घड्या आहेत, मोठ्या माणसाचा सदरा चढवल्यासारख्या. तू टाळूवर तेल जिरवतेस, पण दोन वर्षं झाली तरी टाळू भरत नाही. शेजारीण डोकावून हसते, "अगं, म्हातारीच आली की तुझ्या पोटी!" आजी उंबऱ्यात बसलेली. "मी बराबर सांगितलं होतं, दिवसात चिंचा खाऊ नको. आंबटानं कातडं सुटतं. पण ऐकती कुठं?" तू मान खाली घालून म्हणतेस, "चुकलं, आत्या." ती तुझी सासू, आणि सख्खी आत्याही. भावाची पोर सून करून आणल्याचा तिला केवढा अभिमान! येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या घरात परकं रक्त न्हाई."

तेव्हापासून तू आंबट सोडलंस. पाचव्या वर्षी धाकटी आकडीत गेली, तरी सोडलेलंच राहिलं. अंबाडीची भाजी आमच्यापुरती रांधायचीस, तुझ्या ताटात कधी नाही. शेवटच्या आजारात तुझ्या तोंडाला चव नव्हती म्हणून मी पेजेत लिंबू पिळलं, तर वासानंच ओठ मिटलेस. "नगं बाई. झालं तेवढं लई झालं."

गेल्या आठवड्यात परतूरकडची एक बाई तसंच लेकरू घेऊन आली. डॉक्टरांनी सगळं समजावलं, तरी बाहेर येऊन तिनं मला गाठलं. "ताई, मी कैऱ्या लई खाल्ल्या होत्या. त्यानं तर न्हाई ना झालं?"

मी तिला बाकावर बसवलं. जे तुला सांगायचं होतं ते तिला सांगितलं. पेशीच्या आत चपट्या पिशव्यांची चळत असते. प्रथिनं त्या चळतीतून पुढे पुढे जातात आणि वाटेत त्यांच्यावर साखरेच्या साखळ्या चढतात. ते काम नीट व्हायला पिशव्यांत थोडा आंबटपणा लागतो, मागच्यापेक्षा पुढच्या पिशवीत जरा जास्त. तो आंबटपणा आत भरणारा पंप अशा लेकरांत जन्मापासूनच बिघडलेला असतो. मग साखळ्या अर्धवट राहतात आणि कातडीला ताठ धरणारे धागे नीट जुळत नाहीत. खाल्लेली कैरी तिथवर पोचतच नाही.

"म्हंजे आंबट कमी पडलं?" ती म्हणाली. "आन् माझी सासू म्हनती जास्त झालं!" ती हसली, मग पदर तोंडात धरून रडत राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

धाकटीची तपासणी तेव्हा कोण करणार होतं? पण खुणा सगळ्या त्याच. हा बिघाड आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून यावा लागतो, आणि नात्यातल्या लग्नात तसं जुळून यायचा संभव वाढतो. म्हणजे आजीच्या अंगातही तो असणार, तिनंच आपल्या लेकाला, आमच्या दादांना दिलेला. हे लक्षात आलं तेव्हा मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, फक्त थकवा आला. तिलाही कुठं ठाऊक होतं!

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तू आज समोर असतीस तर चिंचेचं तेवढं सांगितलं असतं, आणि तुझ्या ताटात अंबाडी वाढली असती. निम्मं तुझ्याकडूनही आलं होतं, हे काही मी सांगितलं नसतं.