आईनं सोडलेला जीव

३ मे
आलो एकदाचे आई नि मी तैवानच्या कीलुंगला! बंदराच्या कचेरीत मला नोकरी, दोन न्हाणीघरांचा ऐसपैस फ्लॅट, आणि भाडं इतकं कमी की माझ्या मनात पाल चुकचुकलीच. मग कारण कळलं. बैठकीच्या खोलीत भिंतभर काचेची टाकी आहे. तिच्यात खारं पाणी, प्रवाळ आणि अकरा मासे. घरमालक लियाओकाका मुलाकडे ताइनानला राहायला गेले. टाकी त्यांना नेता येईना आणि मोडवेना. ती आम्ही सांभाळायची, एवढीच अट. आई हरखूनच गेली. ती तीस वर्षं शाकाहारी आहे. मासे ताटाबाहेर फिरताना बघायला मिळणं हे मोठं पुण्य, असं तिचं म्हणणं.

७ मे
लियाओकाकांनी फोनवर सगळं शिकवलं. ते कामावरून संध्याकाळी यायचे, म्हणून टाकीचे दिवे दुपारी एकला लागतात आणि मध्यरात्रीनंतर विझतात. म्हणजे आपली सकाळ ही टाकीची रात्र. तेव्हा लाल उजेडाची बॅटरी घेऊन बसलं की खरी वस्ती बाहेर पडते. समुद्रातून आणलेल्या खडकांच्या भोकांत बसून कितीतरी बिनतिकीट प्रवासी घरात येतात. ते कोण आहेत हे ओळखायचं आणि मगच ठेवायचं की हाकलायचं ते ठरवायचं.

मी फोटो काढून मासे पाळणाऱ्या हौशी लोकांच्या ऑनलाइन गटात टाकले. तिथे तांगदादा म्हणून एक जाणते गृहस्थ आहेत. केसाळ किडा दाखवला, तर म्हणाले, तो झाडूवाला आहे, राहू दे त्याला. काचेसारखी फुलं दाखवली, तर म्हणाले, ती रान माजवतील, आजच काढा. एकविसाव्या फोटोला मात्र त्यांनी हात टेकले. म्हणाले, ताई, तुम्ही चुकून कचेरीत गेलात, पोलिसात जायला हवं होतं.

१५ मे
अकराचे नऊ मासे झाले. लियाओकाकांना विचारलं, तर म्हणाले, अगं पोरी, मासे आहेत, मरायचेच. हे त्यांनी फार पटकन सांगितलं.

आज सकाळी मागच्या खडकातून काहीतरी बाहेर आलं. करडं, अंगठ्याएवढं जाड, डोळे नाहीत. पुढचं टोक मिटलेल्या छत्रीसारखं होतं, ते उघडलं आणि मिटलं. तांगदादा आधी किडा म्हणाले, मग समुद्रकाकडी म्हणाले. शेवटी लिहिलं, ओळखलं नाही, पाण्यात हात घालू नका.

२२ मे
पाच मासे उरले. बाटलीत कोळंबी टाकून सापळा लावला आणि पाहुणा आत सापडला. हाताच्या पंज्याएवढा लांब. मी गॅसवर पाणी उकळायला ठेवलं, तर आई आडवी आली. तीस वर्षांत तिनं मुंगी मारलेली नाही आणि घरात कुणाला मारू दिलेली नाही. म्हणाली, दे इकडे, मी देवाचं नाव घेऊन बंदरात सोडून येते. बादली घेऊन गेली आणि तासाभरानं रिकामी बादली घेऊन आली. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

तांगदादा मात्र भडकले. म्हणाले, आपण ज्याला ओळखत नाही त्याला समुद्रात सोडतात होय? पटलं मला, पण आईपुढे माझं काही चालत नाही.

२ जून
मासे पाचच आहेत. टाकी शांत. मग मिठाचं पोतं का उतरतंय? टाकीसाठी खारं पाणी करायचं ते मीठ मी मापानं घेते.

आणखी एक. आई हल्ली तिच्या न्हाणीघरात दार लावून जप करते. तिथं आवाज छान घुमतो म्हणे. आज दाराला कान लावला. जपाला ताल धरायच्या तिच्या लाकडी ठोकळ्याचा ठोका ऐकू आला. पुढचा ठोका पडण्याआधी मध्येच दुसरा एक ठोका. तो लाकडाचा नव्हता.

६ जून
आई देवळात गेली तेव्हा न्हाणीघर उघडलं. कपडे भिजवायचा निळा टब, त्यात हवेची नळी आणि तळाशी ते. आता माझ्या मांडीएवढं जाड झालंय.

आईनं सगळं कबूल केलं. धक्क्यावरच्या रखवालदारानं सोडू दिलं नाही, म्हणून ती परत घेऊन आली, बैठकीत न येता मागच्या मागे न्हाणीघरात गेली आणि बादली तिथं रिकामी करून मगच माझ्यासमोर आली. म्हणाली, बाळ, मी नाव घेतलं की ते तोंड वर करून ऐकतं.

मी ब्लीच आणलं, तर ती दारातच बसून राहिली. लियाओकाकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, त्याला कुणी भरवलंय का? आणि फोन ठेवून दिला.

८ जून
आई त्याला खायला माकूळ आणत असणार. माझ्यापासून लपवून. मासळीबाजारातल्या विक्रेत्या आ-शिऊ मावशींना विचारलं. त्या खोखो हसल्या — तुझी आई? अगं, ती नाकाला रुमाल लावून पलीकडच्या फुटपाथनं जाते! माझ्याकडून शिंपलासुद्धा घेतलेला नाही तिनं.

मग ते खातंय काय?

९ जून
तेहतीस अंश गरमी. आई लांब बाह्यांत. आधी का नाही दिसलं मला? पोलिसात जायला हवं होतं म्हणे—

बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत— बटाटा सोलावा तसं. मी ओरडत होते. ती समजावत होती मला. विकतचं आणलं तर दुसऱ्याचा जीव जातो, बाळ. हे तर माझं स्वतःचं आहे.

१० जून
इस्पितळ. हात खांद्यापर्यंत काळा. डॉक्टर म्हणतात, चावणारा प्राणी कोणता ते कळल्याशिवाय औषध ठरवता येत नाही. फोटो दाखवला. मान हलवली. अख्खा प्राणी आणा म्हणाले, आजच. तांगदादांनी सगळ्या जगाला विचारलं. कुणीच ओळखत नाही—

११ जून, सकाळ
काल दिवसभर ते हाती लागलं नाही. आईला शुद्ध नाही. डॉक्टर म्हणतात, दुपारपर्यंत आणा—
चिमटा वाकला. जाळी फाटली. ब्लीच नको, अख्खं हवंय—
हातमोजा घालून—

डाव्या हातानं लिहितेय. फरशीवर बसून. पकडायलाच घातला होता हात. आईसाठी.
दुखत नाही. मुळीच नाही. उलट शांत—
फोन वाजतोय. डॉक्टर. मिळालं म्हणायचंय. उठायचंय. आई वाट— हो, उठते, फक्त ह्याचं एवढं खाऊन झालं की