निरगाठींचं टोपरं

२ नोव्हेंबर
सूनबाईचे दिवस भरत आलेत. बाळाचं टोपरं मीच विणणार, असं आज सगळ्यांसमोर जाहीर केलं. विहीणबाई लोकर आणि सुया घेऊनच आल्या होत्या. मी म्हटलं, अहो, या जाड चष्म्यातून टाके मोजेपर्यंत बाळ शाळेत जायचं, द्या इकडे. सगळे हसले. विहीणबाईसुद्धा हसल्या, जरा उशिरा. पिशवी माझ्या हातात दिली. सुईवर टाके कसे घालायचे ते दाखवत होत्या, पण मी त्यांच्या चष्म्याची नक्कल करण्यात गुंतले होते.
विणकाम मला येत नाही, ती गोष्ट वेगळी. गावाकडे पोत्यांची तोंडं बांधून हात तयार झालेत. टोपरं म्हणजे काय, छोटं पोतंच.

३ नोव्हेंबर
आज स्टार्ट. आधी लोकरीचा गोळा केला. दमले. एका दिवसात इतकं पुरे.

५ नोव्हेंबर
सुईवर नुसते वेढे घातले. छान दिसत होते. सुई खाली ठेवली तर सगळे घसरून पळाले. लोकरच खराब.

६ नोव्हेंबर, दुपारी
उपाय सापडला. प्रत्येक वेढ्याला निरगाठ. पोत्याला मारतो तशी, दातात धरून ओढायची. आता पळा म्हणावं. मोबाईलवरच्या व्हिडिओतली बाई गाठ मारत नाही. नवखी असेल.

७ नोव्हेंबर
सुई भरली. आता दुसरी सुई टाक्यात घालायची. जात नाही. पहिली बाहेर येत नाही. साबण लावून पाहिला. लोकरीला वास मस्त येतोय.
विहीणबाईंचा फोन. कुठवर आलं म्हणाल्या. मी म्हटलं, निम्मं झालं. म्हणाल्या, माझे हात नुसते शिवशिवतायत, पण तुम्ही हौसेने घेतलंत म्हणून मी दुसरी लोकर आणलीच नाही.
फोन ठेवून सुईला आणखी थोडा साबण लावला.

१० नोव्हेंबर
खरं सांगून टाकायचं, फायनल. फोन लावला. त्या म्हणाल्या, हं, बोला. मी म्हटलं, थंडी वाढली नाही का हो?
भिंतीवरच्या फोटोतून हे बघत होते. असते तर पोट धरून हसले असते. फोटो जरा भिंतीकडे वळवला.

१२ नोव्हेंबर, दुपारी
बाळ आलं. लवकरच आलं. मुलगी. दवाखान्यात तिच्या डोक्याला मुलाने स्वतःचा रुमाल गुंडाळला होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, शेवटचा हात फिरवायचा राहिलाय. विहीणबाई रुमाल सरकला की नीट करत होत्या. सारखा सरकत होता मेला.

संध्याकाळी
त्यांच्या घरी गेले. पिशवीतून सुई काढून समोर ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, सुई उलटीसुलटी करून पाहिली. विचारलं, हे कुठल्या पोत्याचं तोंड? मी म्हटलं, तुमची चेष्टा करायला गेले आणि पोरीचं डोकं उघडं राहिलं. त्यांनी कात्री आणली. कापता कापता म्हणाल्या, एकदा धरलंत की तुमच्या हातून काही सुटायचं नाही.
मग उरलेल्या गोळ्यातून टाके घातले. सैल, सुईवर मजेत सरकणारे. त्याच चष्म्यातून. मी बघत बसले. चहा तेवढा मी केला. तोही त्यांना गोड लागला.
घरी येऊन फोटो सरळ केला.

१३ नोव्हेंबर
टोपरं विहीणबाईंनी माझ्याच हातात दिलं. बाळाला चपखल बसलं. सूनबाईचे डोळे भरून आले. म्हणाली, आईंना इतकं सुरेख विणता येतं, कधी बोलल्या नाहीत. मी तोंड उघडलं. विहीणबाई बघत होत्या. तोंड मिटलं. बाळंतिणीला टेन्शन नको.
मग सूनबाई म्हणाली, आता पायमोजे पण करा. विहीणबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, करतील की, हात बसलाय त्यांचा. घरी आलीस की तूही शिकून घे यांच्याकडून. मीसुद्धा येईन बघायला.

१४ नोव्हेंबर
सूनबाई रविवारी घरी येतेय. त्याच्या आत खरं सांगायचं. नाहीतर शिकायचं. जे आधी जमेल ते.
सकाळीच विहीणबाईंकडे गेले. म्हटलं, टाके घालायला शिकवा. म्हणाल्या, शिकवते. आधी माझ्या चष्म्याची ती नक्कल करून दाखवा.
केली. या वेळी कुणी हसलं नाही.