साहेबाने विहिरी का मोजल्या?

मंगळवार, संध्याकाळ. वेस्ट विंडसर.

मी सांगतेय, माझी नात सई लिहितेय. आज माझ्यावर तापलीय, तेही लिही गं. उद्या तिला विद्यापीठात एका गोऱ्या साहेबावर बोलायचंय. इंग्रज सरकारचा दूत होता. अरबस्तानात उंटावरून हिंडला, दगड, किडे, झाडपाला गोळा केला. निव्वळ ज्ञानासाठी म्हणे. असेल बाई. पण गावोगावच्या विहिरी कशाला मोजल्या? उन्हाळ्यात पाणी टिकतं का, हे आमच्याकडे दोघंच विचारायचे, मुलगी देणारा नाहीतर जमीन लाटणारा. साहेबाला कुठे मुलगी द्यायची होती?

“आजी, ही वॉज अ सायंटिस्ट!”

“मग पगार काय किडे देत होते?”

सई हसली नाही. हळूच म्हणाली, विहिरींचे नकाशे त्याने आधी सरकारला पाठवले होते. पण ते बोललं तर तिचे सर बिघडतील, साहेब त्यांचा लाडका.

“भाषणात घालू का, आजी?”

“मला काय विचारतेस? सर तुझे.”

आता म्हणते, घातलं. मला कुठे वाचता येतंय! वाचून दाखव म्हटलं. इंग्रजी कळत नाही, पण एका जागी तिचा आवाज पडला. विहिरी तिथेच असणार. म्हटलं, एवढंच पुन्हा वाच. मोठ्याने.