कोतवालाची दोरी

चारा छावणी, तलवाडा
५ मार्च १९८७

ती. स्व. जाईआक्कास,
धाकट्या शहादेवचा सा. न. वि. वि.

बैल घेऊन छावणीत आलो त्याला पंधरवडा झाला. दूध संस्थेने छावणी नीट चालवली आहे. वैरण वेळेवर मिळते, हौदात टँकरचं पाणी पडतं. विमल लेकीच्या बाळंतपणाला धर्मापुरीला गेली. इकडे पाण्याची बोंब, म्हणून यंदा आईच लेकीकडे. घराला कुलूप आहे, तेव्हा आपल्या कोतवाल कुत्र्यालाही सोबत आणलं.

काळजी त्याचीच आहे. सकाळ-संध्याकाळ त्याला दोरी लावून माळावर फिरवून आणावं लागतं. इथे दावणीदावणीला कुत्रं. दुसरं कुत्रं दिसलं की हा असा भुंकतो की जनावरं दावी तोडायला बघतात. काल जानकीबाईंची गाय खुंट्यासकट पळाली. शेजारच्या दावणीचा सर्जेराव म्हणतो, हे कुत्रं न्हाई, कारखान्याचा भोंगा हाय. सगळ्यात जास्त भुंकतो तो सुंदररावाच्या लाली कुत्रीवर, आणि माळाची वाट नेमकी त्याच्याच दावणीवरून जाते. सुंदररावाशी मी बोलत नाही हे तुला ठाऊकच आहे. दूध संस्थेच्या निवडणुकीत जन्माच्या मित्राने माझ्याविरुद्ध प्रचार केला, मी पडलो, तेव्हापासून बंद.

काठी दाखवली, दोन रट्टेही दिले, तर उलट जास्तच भुंकतो. छावणीचे पंच आप्पाराव यांनी बजावलंय की पाडव्यापर्यंत आवरा, नाहीतर कुत्रं बाहेर काढा. या दुष्काळात त्याला बाहेर तुकडा कोण टाकणार? आक्का, मला ते जमायचं नाही. तुमच्याकडे शेळ्यांमागे कायम कुत्री असतात, काही उपाय असला तर कळव. दाजींना नमस्कार. माया आहे, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
शहादेव


धारूर
१० मार्च १९८७

चि. शहादेवास,
जाईआक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आधी ती काठी फेकून दे. भुंकणारं कुत्रं शूर असतं असं तुम्हा पुरुषांना वाटतं. अरे, ते घाबरलेलं असतं, आणि तू वरून रट्टे देतोस!

खिशात भाकरीचे तुकडे ठेव. समोरचं कुत्रं लांब असतानाच, याचं तोंड उघडायच्या आत, एक तुकडा दे. भुंकल्यावर दिलास तर ती भुंकण्याची मजुरी समजेल. रोज थोडं थोडं जवळून ने. नाहीच जमलं तर मुकाट्याने पाठ फिरवून दुसऱ्या अंगाने जा. त्यात कमीपणा नाही. तुला लहानपणापासून कमीपणाच फार वाटतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

लालीचं मात्र नवल वाटलं. दोघं एकाच वेताची ना? सुंदरनेच टोपल्यात घालून कोतवाल तुला आणून दिला होता. सख्ख्या बहिणीवर उठसूट भुंकणारा भाऊ मला आजवर एकच माहीत होता, आता दुसरा झाला. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
जाईआक्का


चारा छावणी, तलवाडा
१७ मार्च १९८७

ती. स्व. जाईआक्कास,
शहादेवचा सा. न. वि. वि.

भाकरीने काम केलं! जानकीबाईंच्या कुत्र्याजवळून कोतवाल आता माझ्या खिशाकडे बघत जातो. पण लालीपाशी सगळं मुसळ केरात. तिथे तोंडातली भाकरी टाकून भुंकतो. सर्जेराव म्हणाला, कुत्र्याला बी पॅनल कळतंय बे, आणि सगळी छावणी हसली. आता सगळे त्याला आमच्या पॅनलचा मेंबर म्हणतात. खोटं कशाला बोलू, मलाही जरा बरं वाटलं.

पण आप्पाराव म्हणतात पाडवा म्हणजे पाडवा. त्याला तुझ्याकडे पाठवू का? लिहिताना हात अडतोय. विमल तिकडे, घर बंद, इथे मनातलं बोलायला तोच एक उरला आहे. काय करू ते लवकर कळव.

तुझा,
शहादेव


धारूर
२१ मार्च १९८७

चि. शहादेवास,
अनेक आशीर्वाद.

पाठवायचा तर पाठव, माझ्या दारात तो उपाशी राहणार नाही. पण आधी एक कर. एक दिवस दोरी सर्जेरावाच्या हाती दे, त्याला लालीवरून जाऊ दे, आणि तू लांबून बघ. कुत्र्याला पॅनल कळत नाही, दोरी कळते. याहून जास्त लिहीत नाही, तुला राग येईल.

तुझी,
जाईआक्का


चारा छावणी, तलवाडा
पाडवा, ३० मार्च १९८७

ती. स्व. जाईआक्कास,
सुंदरचा सा. न. वि. वि.

अक्षर बघून दचकू नकोस. सगळी खुशाली आहे.

परवा सर्जेराव कोतवालाला घेऊन माझ्या दावणीवरून गेला. कोतवालाने लालीला हुंगलं, शेपटी हलवली आणि गुमान पुढे गेला. शहादेव वैरणीच्या गंजीआड उभा होता. त्याला वाटलं मला दिसला नाही. बराच वेळ तो आपल्या हाताकडे बघत होता.

आज तो स्वतः दोरी धरून आला. मी दिसलो तशी त्याची मूठ आवळली, दोरी ताणली आणि कोतवाल गुरगुरला. मग शहादेव थांबला. एकेक बोट सैल केलं. दोरी खाली लोंबली तसा कोतवालही गप्प झाला. माझ्याकडे न बघताच शहादेव म्हणाला, सुंदर, लाली लई रोडावली रे. निवडणुकीनंतर आज पहिल्यांदा बोलला. मी म्हणालो, बस, च्या ठेवतो. आप्पाराव बघतच होते. म्हणाले, ऱ्हाऊ द्या कुत्रं.

आता एक तुझ्यापुरतं. लालीही काही कमी भुंकत नव्हती. कोतवालाचा आवाज मोठा, म्हणून तिचा कोणाच्या कानी आला नाही. माझ्याही तळहातावर दोरीचे वळ आहेत. शहादेवला अजून दाखवले नाहीत, चहा पिताना दाखवीन.

त्याला कितीदा म्हटलं की आक्काला तूच लिही, तर म्हणतो हात रिकामे नाहीत. तुझी माया दोघांवर सारखी राहू दे. तो इथे शेजारीच बसला आहे. दोन्ही कुत्र्यांच्या दोऱ्या त्याच्या हातात आहेत, आणि दोन्ही ढिल्या आहेत.

तुझा,
सुंदर