सी-स्क्वर्टची पिल्लं

३ नोव्हेंबर १९६८
मेहुण्याने रत्नागिरीहून समुद्राच्या पाण्याच्या बरणीत सी-स्क्वर्ट आणले. खडकाला चिकटून बसणारा, पिशवीसारखा प्राणी. पण त्याच्या पिल्लाला शेपटी असते आणि ते पोहतं! औरंगाबादेत हे कोणी पाहिलेलं नाही. मी पाहणार. पीएच.डी. नक्की. उद्या पहाटे पाचला लॅबमध्ये.

४ नोव्हेंबर, स. ९.४०
थंडी होती. लॅब अटेंडंट कडूबा म्हणतो, "उजेड पडला तशी पिल्लं निघाली सर. घंटाभर पवली, मंग काचेला चिकटली." चौथी पास माणूस! काचेवर नुसते ठिपके. ब्रशने घासायला लावले. "नगं सर," म्हणाला. दम भरला.

९ नोव्हेंबर
बरणीतलं पाणी आटलं. नळाचं पाणी आणि घरचं मीठ घातलं. बरणी उघडीच खिडकीत. सायन्सला पेशन्स लागतो.

१४ नोव्हेंबर
पिल्लं! डझनभर! वळवळताहेत! मायक्रोस्कोप आमच्या विभागाचे हेड व्यंकटराव यांच्या कपाटात. त्यांच्याकडे चावी मागणार नाही. डोळे पुरेत.

१७ नोव्हेंबर
अजून पोहताहेत. पुस्तकात काही तासच लिहिलंय. पुस्तक चूक. कडूबा पोरांसमोर म्हणाला, "सर, ही डासाची पिल्लं हायत." प्राचार्यांकडे तक्रार केली, त्याला संडास धुवायला लावलं. पंधरा वर्षं लॅबमध्ये होता. जाताना डोळे भरले होते. पश्चात्ताप असणार.
उमा म्हणाली, "त्याचं एकदा ऐकायचं तरी." बायकोला झूलॉजी काय कळणार?

२२ नोव्हेंबर
माझं व्याख्यान. विद्यापीठातून माझे पीएच.डी.चे गाईड आले. व्यंकटरावांनी मायक्रोस्कोप लावला, पाहिलं, गाईडना पाहू दिलं. तेवढ्यात बरणीतून डास उडाला.
पोरं हसली. गाईड हसले नाहीत. त्यांनी खरी पिल्लं कुठे गेली विचारलं. व्यंकटरावांनी कडूबाला बोलावलं. हातात खराटा घेऊन दारातच उभा राहिला. वेळ, शेपटी, ठिपके, ब्रश, सगळं सांगितलं. माझं नाव मात्र घेतलं नाही. गाईड मला म्हणाले, "तुमच्याकडे होती ती. तुम्ही मारलीत."

२५ नोव्हेंबर
पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन रद्द. कडूबा परत लॅबमध्ये. आपणहून चहा घेऊन आला. म्हणाला, "सर, पुढच्या बारीला मला हाक मारा. मी दावतो की."
पुढची बारी नाही, हे त्याला कळलं नसावं. मी "बरं" म्हणालो.