जमण्याची जागा

प्रिय सर्वेश,

तुझी बोट कुठल्या बंदराला लागेल आणि हे पत्र तुझ्या हाती कधी पडेल, ठाऊक नाही. परवा फोनवर तू म्हणालास, ‘विनीत, माझ्या बायकोला तू वाचवलंस, उपकार कसे फेडू’, आणि मी घाईने फोन ठेवला. फोनवर मी पहिल्यापासून भित्रा. म्हणून लिहायला बसलो.

आधी घरची खबर. संचितावहिनींना गोव्याच्या इस्पितळातून घरी आणलंय. उजवा डोळा गेला हे तुला कळलंच आहे. डाव्याने उजेड आणि सावली एवढंच कळतं. खोकला उतरलाय. तुझे वडील, आपले दाजी, तब्येतीने बरे आहेत. ओट्यावर जाळं शिवत बसतात, पण मी पायरी चढलो की पाठ फिरवतात. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आणि ते बरोबर करतात.

कारखान्यात अमोनिया सुटला तो दुपारी सव्वातीनला. कोळंबी गोठवायच्या यंत्राकडे जाणाऱ्या पाइपाची जोडणी सुटली. मशीनवरचा परशुराम आणि मी मास्क चढवून आत शिरलो, मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, पाण्याचे फवारे सोडले. सतरा मिनिटं लागली. पेपरात माझा फोटो आला, कंपनीने शाल-नारळ दिला. तो नारळ अजून तसाच कोपऱ्यात पडलाय. देवापुढे ठेवायला हात धजत नाही.

दाजी आपल्याला होडीत बसवायचे तेव्हाचं त्यांचं वाक्य आठवतं? ‘वारो खंयचो आसा तो आधी बघ, मगे पाय उचल.’ सकाळी वारा जमिनीकडून, दुपारी समुद्राकडून, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मी मात्र शिकून सुरक्षा अधिकारी झालो. गेटाजवळच्या फणसाखाली ‘जमण्याची जागा’ असा हिरवा बोर्ड लावला. वायू सुटला तर बाहेर पडून तिथे जमायचं, त्याचा सराव कायम सकाळी नऊला, कारण साहेब तेव्हाच मोकळे असत. सकाळी ती जागा अगदी बरोबर. एकदा दाजी मासळी घेऊन गेटाशी आले होते. बोर्ड बघून म्हणाले, ‘अरे, दुपारचो वारो सगळो हयच येता.’ मी हसलो. म्हटलं, दाजी, वरून मंजूर झालंय. त्यांनी टोपली उचलली आणि गेले.

त्या दुपारी वाऱ्याने सगळा वायू फणसाखाली नेला. वहिनी कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या प्रमुख, चाळीसजणींना घेऊन तिथेच उभ्या होत्या. नाकाला झोंबताच त्यांनी बायकांना रस्त्याने पळवलं, पण हजेरीत दोघी कमी भरल्या होत्या. हजेरी पुरी होईस्तोवर प्रमुखाने जागा सोडायची नाही, हा नियम मीच त्यांच्याकडून घोकून घेतला होता. ‘सावित्री, रसिका’ अशा हाका मारत त्या तिथेच थांबल्या. त्या दोघी नियम धाब्यावर बसवून समुद्राकडे, सुरूच्या बनात पळाल्या होत्या. त्यांना साधी शिंकसुद्धा आली नाही. मी वहिनींना उचललं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ‘भावजीनू, त्यो दोगी गावल्यो काय?’

उद्या कुडाळला माझा जबाब आहे. कंपनीने कागद तयार ठेवलाय: कामगार घाबरून चुकीच्या जागी थांबले. खाली माझी सही हवी. ती मी करणार नाही. जागा मी ठरवली, वेळ मी ठरवली, आणि सांगणाऱ्याला हसलोही मीच, असं सांगणार आहे. नोकरी जाईल, जाऊ दे. काल वहिनींसमोर बसून हे सगळं बोललो. इतके दिवस त्या आपलंच चुकलं असं धरून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, ‘ह्यांका सांगू नकात, भावजीनू. तुमची दोस्ती मोडतली.’ डोळे माझ्यामुळे गेले, आणि जपत होत्या त्या मलाच. ते मला सोसलं नाही, सर्वेश, म्हणून तुला लिहिलं.

अजून म्हणवून घेता येत असेल तर,
तुझाच,
विनीत