मामांच्या रुसव्यावर चर्चासत्र

अमरावती

ती. शेषरावमामांना रश्मीचा वाकून नमस्कार. (अकोल्याच्या दिशेनेच वाकले आहे.) गुडघा काय म्हणतो? शुगर आटोक्यात आहे की मामी साखरेचा डबा अजून लपवतात?

मामा, तुमच्या लग्नाची कॅसेट विद्यापीठात दाखवली. रागावण्याआधी पुढे वाचा. माझी पीएचडी वऱ्हाडातल्या लग्नांच्या व्हिडिओंवर आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या बहिणीला (म्हणजे माझ्या मातोश्रींना) ते काही केल्या पटत नाही. ‘पिच्चर पाहाची बी कोनी डिगरी देते काय वं?’ म्हणत तिने वरूडच्या स्थळाशी बोलणी लावली आणि बजावलं की यंदा विषय मंजूर झाला नाही, तर वैशाखात बार उडवून टाकू. म्हणून घाईघाईने मामींकडून कॅसेट मागवली आणि विषय मंजुरीच्या बैठकीत लावली.

आता आमचं संशोधन पडलं आंतरविद्याशाखीय, म्हणजे एका मांडवात चार वराती. तुम्ही ऐन लग्नात रुसून बसलात तो भाग लागला (शूटिंगवाल्याने तुमचं फुगलेलं तोंड बदामात बसवून चिखलदऱ्याच्या धबधब्यावरून फिरवलंय, कधी नीट पाहिलंत का?) आणि मानसशास्त्राच्या बाई म्हणाल्या, लहानपणी लाड कमी पडले. समाजशास्त्राच्या सरांना त्यात पुरुषसत्ता दिसली. संख्याशास्त्रवाल्यांना आणखी शंभर रुसलेले नवरदेव हवे होते. चित्रपटाचे सर बदामावरच अडून बसले. चांगलीच जुंपली, चहा गार झाला. शेवटी मी मामींना फोन लावून स्पीकरवर टाकलं. त्या म्हणाल्या, ‘काई नाई वं, त्याईले कोनं तरी सांगतलं का जिलबी सरली म्हून.’

मग एवढ्यावर मात्र चौघांचं एकमत झालं की एक माणूस नीट रुसला तर दोन्हीकडची वऱ्हाडी मंडळी जागच्या जागी थांबतात, आणि हे सामर्थ्य अभ्यासण्याजोगं आहे. विषय मंजूर झाला. तुमचे उपकार आहेत.

तुमची भाची,
रश्मी

ता. क. : आईला हे सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, पत्रिकेत छापता येईल. साखरपुडा तरीही येत्या रविवारी आहेच. मुलगा प्रीतम चांगला आहे, संत्र्याची बागही चांगली आहे. पण मला आधी हे पूर्ण करायचंय आणि घरात माझं कोणी ऐकत नाही. रडू येतं.

पुन्हा ता. क. : मामाशिवाय भाची मांडवात येत नाही. म्हणून रविवारी या, पाटावर बसा आणि रुसा. कारण विचारलं तरी सांगू नका. माझा प्रबंध होईपर्यंत पुरेल इतकं रुसा. मामींची नजर चुकवून सोय करते. या वेळी जिलबी सरणार नाही.